देवाला पत्ता सांगणाऱ्या काकू

लाँड्रीकाकूंचं दुकान आमच्या चर्चच्या फाटकाला लागूनच आहे. दोन्ही ठिकाणी माणसं मळलेलं घेऊन येतात, असं पाळकसाहेब एकदा व्यासपीठावरून म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्याच झग्यावर इस्त्री फिरवताना उत्तर दिलं, "हो, पण माझ्याकडे निदान गुरुवारी धुऊन परत मिळतं."

काकूंचं असं असे. हातात इस्त्री आणि तोंडात बातमी, दोन्ही गरम. एक शर्ट टाकायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने बाहेर पडे, तो गावभराची खबर घेऊन आणि स्वतःची ठेवून. काकू कुणाला खोदून विचारत नसत. त्याची गरजच नव्हती. खिसे तपासणं हा त्यांच्या कामाचाच भाग, आणि कपडा कधी खोटं बोलत नाही. बाही पाहून कोण जेवताना रागावला होता ते त्या सांगत. कॉलर पाहून कुणाची झोप उडाली आहे ते सांगत. पँटचे गुडघे पाहून कोण खरंच गुडघे टेकून प्रार्थना करतो, तेही सांगत. पाळकसाहेबांच्या पँटबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं आम्हाला पुरेसं बोलून गेलं.

पण माणूस सोन्यासारखा. कुणाकडे आजारपण आलं की तिथल्या चादरी काकू मागवून घेत, धुऊन, कडक इस्त्री करून स्वतः पोचवत, आणि वर तासभर बोलून येत. चादरींमुळे रोग्याला झोप लागे आणि बोलण्यामुळे तो उठून बसे. डॉक्टर म्हणायचे की औषधं जेवणाआधी आणि जेवणानंतर असतात, तशी माझी अर्धी काकूंच्या येण्याआधीची आणि अर्धी नंतरची.

काका दुकानाच्या मागच्या खोलीत डाग काढतात. शाई, तेल, गंज, रक्त, सगळे त्यांच्या हाताखालून जातात. स्वभावाने अबोल. लग्नाच्या वेळी पाळकांनी विचारल्यावर "होय" म्हणाले, तेवढंच त्यांचं जाहीर भाषण. पुढचा सगळा संसार काकूंनी दोघांच्या वतीने बोलून काढला.

आमच्याकडे वर्षातून एकदा जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश होतो. त्या दिवशी चर्चची सगळी मंडळी फार मन लावून ऐकते, कारण प्रत्येकजण तो शेजाऱ्यासाठी ऐकत असतो. पुढच्या बाकावरचा मागे वळून पाहतो, मागचा मान हलवतो, आणि बायका नवऱ्यांना कोपराने ढोसतात. काकूही ऐकत. बाहेर पडताना पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणत, "आज फार छान झालं हो. ऑर्गनबाईंनी ऐकलं असेल ना नीट?" ऑर्गनबाई, म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, तेव्हा मागेच उभ्या असत आणि काकूंबद्दल तेच विचारायला थांबलेल्या असत.

आता साखळीबद्दल सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे.

आमच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे. कुणाला अडचण आली की त्याने पहिल्या घरी फोन करायचा. पहिल्याने प्रार्थना करायची आणि दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटच्या घराने पुन्हा पहिल्याला फोन करून सांगायचं की झाली, सगळ्यांनी केली. कल्पना चांगली आहे आणि तिने बऱ्याच घरांना आधार दिला आहे, हे मी थट्टा बाजूला ठेवून सांगतो. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाला, या घटकेला आपल्यासाठी इतकी घरं देवाशी बोलत आहेत, हे माहीत असणं ही लहान गोष्ट नाही.

पहिलं घर काकूंचं. कारण दुकान सगळ्यात आधी उघडतं आणि फोन त्यांच्या हाताशीच असतो. साखळीचा नियम असा की गरजेपुरतंच सांगावं. 'एका बहिणीच्या घरी आजार आहे,' एवढं पुरे. हा नियम काकूंना कधीच पटला नाही.

"एका बहिणीच्या घरी," त्या म्हणत. "अहो, मंडळीत बहिणी किती. नाव नाही, गल्ली नाही, रोग नाही. देवाने शोधत बसायचं का?"

"काकू, देवाला सगळं ठाऊक असतं," असं कुणीतरी म्हणे.

"त्याला असतं हो. प्रार्थना करणाऱ्याला नको का? मोघम बोललं की मन लागत नाही. पत्ता नीट घातला की टपाल पोचतं."

असं म्हणून त्या पत्ता घालत, मजला घालत, आणि दारासमोर कुत्रं असेल तर तेही घालत.

काकूंची सून औषधांच्या दुकानात काम करते. मुलगा माल पोचवणाऱ्या गाडीवर, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी. त्यामुळे घरात सासू-सून आणि कोपऱ्यात काका. सून तशी मोजकं बोलणारी, पण काकूंजवळ खुलायची. संध्याकाळी दोघींच्या हसण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत यायचा. सासू-सुनेचं इतकं जमतं म्हणून शेजारपाजारचे थोडे खट्टूच होते.

सुनेचे वडील, म्हणजे काकूंचे व्याही, शाळेची व्हॅन चालवतात. एके काळी ते फार प्यायचे. मग सुटले. कसे सुटले ते त्यांनी स्वतः चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, आणि ती साक्ष ऐकताना काकांनीसुद्धा नाक शिंकरलं होतं. त्यांच्यासारख्याच दारू सोडलेल्या माणसांबरोबर ते दर आठवड्याला बसतात, एकमेकांना धरून राहतात. शाळेने त्यांना व्हॅन दिली ती पाळकसाहेबांच्या शब्दावर. ती व्हॅन ते अशी पुसत, की लहान मुलं तिच्या दारात बघून भांग पाडत.

बायकोच्या मृत्यूची तारीख आली, तेव्हा ते घरी एकटे होते. सुट्टीचा दिवस. संध्याकाळी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मुलीला फोन करून सांगितलं, आणि मग आपल्या त्या माणसांकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. पडले आणि उठून उभे राहिले, एवढीच गोष्ट.

सुनेने ती त्या संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता सासूला सांगितली. सांगताना रडली. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि तिला जवळ घेतलं.

"आई, हे आपल्या दोघींतच हं," सून म्हणाली. "बाबांना फार लाज वाटते आहे."

"वेडी का तू. माझ्या तोंडून अक्षर जायचं नाही."

आणि काकूंनी ते मनापासून म्हटलं होतं. लबाड माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं. काकू लबाड नव्हत्या, म्हणून तर ही सांगायला अवघड.

सकाळी दुकान उघडलं. इस्त्री तापेपर्यंत काकूंनी व्याह्यांसाठी प्रार्थना केली, आणि करता करता त्यांचं मन भरून आलं. एवढा चांगला माणूस, एवढा जपून चाललेला. आपली एकटीची प्रार्थना ती केवढी. अख्खी मंडळी मागे उभी राहिली तर? साखळी कशासाठी आहे मग? आणि हे सांगणं थोडंच होतं. ही तर प्रार्थना होती. ज्या दाराने बातमी जाऊ शकत नव्हती त्या दाराने प्रार्थनेचा झगा घालून ती ऐटीत बाहेर पडली, आणि काकूंनीच तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"ऑर्गनबाई, एक फार नाजूक विनंती आहे," काकूंनी फोनवर आवाज खाली आणला. "नाव घेत नाही. पण माझ्या सुनेचे वडील."

पुढे काय झालं ते मी नंतर प्रत्येकाकडून ऐकलं, आणि एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. कुणीही खोटं बोललं नाही. ऑर्गनबाईंनी निरोप पुढे दिला आणि स्वतःच्या काळजीने जोडलं की माणूस एकटा राहतो, पुन्हा सवय लागू नये म्हणून मागा. पुढचे होते चष्म्यांच्या दुकानाचे मालक, चष्मेवाले दादा. ते माणसाच्या फक्त डोळ्यांचा विचार करू शकतात. त्यांनी जोडलं की दारूने नजर जाते आणि हे तर गाडी चालवतात, तेव्हा त्यांच्या नजरेसाठी मागा. त्याच्या पुढच्या घरातल्या आजींची दोन नातवंडं त्याच व्हॅनने जायची. तिथे साहजिकच मुलांच्या सुरक्षिततेची भर पडली. प्रत्येक घराने आपापली काळजी वाहिली आणि प्रत्येक काळजी खरी होती. संध्याकाळी साखळीचं शेवटचं घर, म्हणजे शाळेच्या कचेरीत काम करणाऱ्या बाई, नियमाप्रमाणे काकूंना फोन करत्या झाल्या.

"काकू, झाली हो सगळ्यांची. व्हॅनमधल्या मुलांसाठी मी स्वतः रडून प्रार्थना केली."

"व्हॅनमधल्या मुलांना काय झालं?" काकूंनी विचारलं.

"अजून काही नाही झालं, देवाची कृपा. पण चालक पिऊन चालवतो म्हटल्यावर... मी मुख्याध्यापिकांच्या कानावर पण घातलं. नुसती प्रार्थना करून हात बांधून बसायचं नसतं ना, काकू."

काकूंच्या हातातली इस्त्री कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तशीच राहिली. वास आल्यावर काका मागच्या खोलीतून बाहेर आले, त्यांनी इस्त्री उचलली, शर्टाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी शाळेने व्याह्यांकडून व्हॅनची किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं सांगितलं.

सुनेला कळायला वेळ लागला नाही. ती कामावरून आली, पर्स खुंटीला लावली, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, तुम्ही देवाला सांगितलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देवाला सांगायला मध्ये एवढे लोक कशाला लागले?"



त्यानंतर सून रागावली नाही, हेच भयंकर होतं. ती सभ्य झाली. "हो, आई." "नको, आई." "तुमचं पाणी ठेवलंय, आई." पाहुण्यांशी बोलावं तसं. संध्याकाळी ती कपडे बदलून काकांजवळ बसे, कारण काकांजवळ न बोलता बसता येतं. बाहेरगावाहून मुलगा फोन करी तेव्हा ती गॅलरीत जाऊन बोले. एकदा दार नीट लागलं नव्हतं आणि काकूंना ऐकू आलं, "वेगळी खोली बघू या का आपण?" कान तीक्ष्ण असल्याचं काकूंना त्या दिवशी प्रथमच दुःख झालं.

मग काकूंनी ठरवलं की या जिभेनेच घात केला ना, तर हिलाच बंद करायचं. बोलणंच बंद.

काकूंचं मौन म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. भरलेल्या प्रेशर कुकरला मौन म्हणतात का? शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ जाते थोडीच. त्या इस्त्री आपटत, हँगर आपटत, गिऱ्हाइकाकडे अशा पाहत की तो विसरलेली पावती न शोधताच माफी मागे. आम्हाला वाटलं घसा बसला. घराघरांतून काढे आले, गोळ्या आल्या, एकाने गळ्याला गुंडाळायला मफलर आणला. चष्मेवाल्या दादांनी डोळे तपासून घ्या म्हटलं. ऑर्गनबाई तर साखळीवर त्यांच्या घशासाठी विनंती घालायला निघाल्या होत्या. काकूंनी ते ऐकून दोन्ही हात जोडले, पण बोलल्या नाहीत.

आणि आत मन एक क्षण गप्प नव्हतं. 'शाळेतल्या त्या बाईला काय नडलं होतं,' 'ऑर्गनबाईच मुळात अशा,' 'सुनेने तरी इतकं मनाला लावून घ्यावं का,' 'मी काय वाईट हेतूने केलं.' तोंड बंद केल्याने ही सगळी वटवट फक्त आत कोंडली गेली आणि तिथेच माजली.

शनिवारी दुकान लवकर बंद झालं. काका कुठल्याशा कोटावरचा तेलाचा डाग पावडर टाकून शोषून घेत होते. काकू त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसल्या.

"तुम्हाला बरं जमतं हो," त्या म्हणाल्या. मौन तिथे मोडलं. "गप्प राहणं. जन्मभर जमलं. तुमच्यासारखी शहाणी असते तर हे झालं नसतं."

काकांनी पावडर झटकली. "मी गप्प असतो ते शहाणपणाने नाही," ते म्हणाले. "मला सुचत नाही."

"काय?"

"बोलावंसं वाटतं. शब्द जमेपर्यंत तू दुसऱ्या विषयावर गेलेली असतेस." ते थोडं थांबले. काकूंनी, नवल म्हणजे, ती जागा भरली नाही. "त्या दिवशी तू ऑर्गनबाईंना फोन केलास तेव्हा मी इथेच होतो. ऐकत होतो. हे बरोबर नाही, असं वाटलं मला. बोललो नाही. तेव्हा माझं गप्प बसणं तुझ्या बोलण्याहून काही चांगलं नव्हतं."

काकूंनी कोटावरच्या त्या डागाला बोट लावलं. "हा निघेल?" त्यांनी विचारलं.

"डाग निघतो," काका म्हणाले. "भाजलेलं निघत नाही. तिथे नवं कापड लावावं लागतं, आणि ते दिसतं."

त्या संध्याकाळी काकूंनी कुणासाठी विनंती केली नाही, स्वतःसाठी केली, आणि पत्ता घातला नाही. आपण चुकलो आणि पुढे काय करायचं ते आपल्याला कळत नाही, एवढंच त्या देवासमोर म्हणाल्या. मला वाटतं, शहाणपण मागताना आपल्याजवळ ते नाही हे कबूल करावं लागतं, म्हणूनच ते फार लोक मागत नाहीत. आपण सामर्थ्य मागतो, आरोग्य मागतो, पाऊस मागतो. शहाणपण मात्र प्रत्येकाला वाटतं की पुरेसं आहे, शेजाऱ्यालाच कमी पडतंय.

सोमवारी दुकान काकांवर सोपवून काकू निघाल्या. साखळी जिथून गेली तिथून त्या चालत जाणार होत्या, घरोघर, फोन न करता. मनात एक वाक्य पक्कं केलं होतं: जे माझं नव्हतं ते मी सांगितलं, आणि ते वाढत गेलं, त्याला मी जबाबदार.

पहिल्याच घरी कळलं की प्रश्न वाटला त्याहून अवघड आहे.

"अहो, म्हणजे ते प्यायलेच नाहीत का?" ऑर्गनबाईंनी विचारलं.

आता पाहा. नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर तीच चूक पुन्हा, आणि या वेळी समोरासमोर. एका शब्दाचा प्रश्न, आणि त्याला दोनच उत्तरं, दोन्ही चुकीची. काकूंचं तोंड सवयीने उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"ते माझं सांगायचं नाही, ऑर्गनबाई. तेव्हाही नव्हतं."

"पण मी तर तुम्ही जे सांगितलं तेच पुढे सांगितलं बाई. माझ्याकडून काही वाढलं नाही. मी काय, माझी जीभ माझ्या ताब्यात असते."

काकूंना ऑर्गनबाईंच्या जिभेबद्दल पुष्कळ माहिती होती. शिवाय त्यांच्या धाकट्या मुलाच्या जाकिटाच्या खिशात मागच्या महिन्यात काय सापडलं होतं, तेही माहीत होतं, आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हा त्यांच्या आयुष्यातला एक विक्रम होता. ते सगळं घशाशी आलं. एक वाक्य टाकलं असतं तर ऑर्गनबाई आठवडाभर ऑर्गनच्या मागून वर पाहू शकल्या नसत्या. काकू मला पुढे म्हणाल्या, "अरे, गरम चहाचा मोठा घोट घेतला की तो ना गिळता येतो ना थुंकता येतो. तसं झालं."

"नाहीच वाढवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं नसतं तर तुमच्याकडे आलंच नसतं. येते."

ऑर्गनबाई दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. भांडायला पुरेसं काही हाताला लागलं नाही, याची चुटपुट त्यांच्या चेहऱ्यावर होती.

चष्मेवाल्या दादांनी उपदेश केला, तो काकूंनी ऐकला. नातवंडांच्या आजीने दाराबाहेरच उभं ठेवलं, त्या उभ्या राहिल्या. प्रत्येक घरी तोच प्रश्न आला आणि प्रत्येक घरी तेच उत्तर: ते माझं सांगायचं नाही. एरवी ज्यांच्याकडून माणसं दहा गोष्टी ऐकून जात, त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकून ती चक्रावली. तिसऱ्या घरापर्यंत काकूंच्या ध्यानात आलं की हे मौन नाही. मौनात त्या फुगत होत्या. इथे त्या बोलत होत्या, पण जेवढं आपलं तेवढंच, आणि छातीवरचं काहीतरी हलकं होत होतं.

शेवटी शाळा. मुख्याध्यापिका नाकावर चष्मा घेऊन बसलेल्या. त्यांच्याही जॅकेटला काकूच इस्त्री करतात, पण तिथे त्याचा उपयोग नव्हता.

"तुम्ही स्वतः त्यांना पिऊन गाडी चालवताना पाहिलंत?"

"नाही."

"मग हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पिऊन गाडी चालवली असं मला कुणीही सांगितलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पण त्यांची एक खाजगी गोष्ट माझ्या तोंडून गेली, आणि त्यातून हे उगवलं. मला कुणी सांगितली ते मी नाही सांगणार. राग आला तरी चालेल."

"बाई, मुलांचा प्रश्न आहे. काय खाजगी गोष्ट?"

"मुलांचा प्रश्न आहे म्हणून त्यांनाच विचारा," काकू म्हणाल्या. "तुम्ही त्यांना किल्ली ठेवायला सांगितली, विचारलं नाही. ते खरं सांगतील. त्या बाबतीत ते माझ्यापेक्षा पक्के आहेत."

मुख्याध्यापिकांनी व्याह्यांना बोलावलं. व्याह्यांनी सगळं सांगितलं, सुट्टीच्या दिवसाचं, घरातलं, दुसऱ्या सकाळचं. आपल्याबरोबर दर आठवड्याला बसणाऱ्या माणसांपैकी एकाला बरोबर आणलं होतं, त्यानेही सांगितलं. निर्णय असा झाला की व्हॅन काही काळ दुसरा चालवेल, व्याह्यांनी मुलांना चढवायचं, उतरवायचं, रस्ता ओलांडून द्यायचा, मग बघू. म्हणजे नोकरी राहिली, किल्ली नाही. पहिल्या दिवशी दुसरा माणूस आपल्या जागी बसलेला पाहून ते म्हणे व्हॅनच्या मागच्या बाजूला गेले आणि उगाचच काच पुसत बसले. नवं कापड लागलं, आणि ते दिसत होतं.

काकूंनी घरी काही सांगितलं नाही. आपण घरोघर गेलो, काय ऐकलं, काय गिळलं, यातलं काहीच नाही. सांगावंसं फार वाटत होतं. पण त्यांच्या लक्षात आलं की ते सांगणंही शेवटी स्वतःसाठी दाद मागणंच.

सुनेला शाळेतलं बापाकडून कळलं. त्या रात्रीच्या जेवणाला ताटं मांडली होती. ती आली, पर्स खुंटीला न लावता खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "तुम्ही शाळेत गेला होतात."

"हो," काकू म्हणाल्या.

"मला विचारलं का नाहीत? पुन्हा माझ्या बाबांचाच विषय, पुन्हा मला न विचारता. किती वेळा करणार आहात असं?"

काकांनी चमचा खाली ठेवला.

आणि मग सून भांडली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम निघालं. आईंनी शब्द दिला होता. आईंना ती आपली आई समजून बोलली होती. बाबा त्या दिवसापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात. औषधांच्या दुकानात बायका खोकल्याचं औषध मागतात आणि डोळ्यांत दया घेऊन बघतात. आणि लोक म्हणतात, काय हो तुमच्या सासूबाई, किती धीराच्या, घरोघर जाऊन माफी मागितली. म्हणजे तुमचं कौतुक झालं आणि बाबा मात्र फुटपाथवर मुलांचे हात धरून उभे.

काकूंजवळ यातल्या बहुतेक गोष्टींना उत्तरं होती, आणि काही तर चांगली होती. मी कौतुक मागायला गेले नव्हते. मुख्याध्यापिकांसमोर तुझं नाव मी घेतलं नाही. तुझ्या बापासाठीच गेले होते ना. प्रत्येक उत्तर उठून ओठांपर्यंत आलं आणि काकूंनी त्याला परत पाठवलं. या वेळी ते जड गेलं नाही, कारण त्यांना अचानक एक गोष्ट दिसली होती. सुनेचा चेहरा लाल होता, हात हलत होते, आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता. ती 'हो, आई,' 'नको, आई' म्हणत नव्हती. पाहुण्यांशी कुणी असं भांडत नाही.

काकू नुसत्या ऐकत राहिल्या. आमच्यापैकी कुणी त्यांना इतकं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं तर त्या दिवशीही पाहिलं नाही. काकांनी पाहिलं, आणि काकांनी मला सांगितलं, तुटक तुटक, दोन संध्याकाळी घेऊन.

सून दमली. खुर्चीत बसली. ताटातलं निवून गेलं होतं.

"तुझं खरं आहे," काकू म्हणाल्या. "तुला विचारायला हवं होतं. आधीही आणि आताही."

काकूंनी उठून भांडं पुन्हा गरम करायला ठेवलं, आणि पाठमोऱ्या असतानाच विचारलं, "अजून काही राहिलंय का?"

"राहिलंय," सून म्हणाली. डोळे पुसले, ताट पुढे ओढलं. "पुष्कळ राहिलंय. पण आता भूक लागली आहे. उद्या सांगते."